दोन फेऱ्यांनंतर कॅमची खूण सरकते : १.५ डीसीआय इंजिनाच्या टायमिंग बेल्टची नेहमीची अडचण आणि तिचे निवारण

नवा टायमिंग बेल्ट चढवलेला असतो, कॅम (वॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि क्रँक (पिस्टनांनी फिरणारा मुख्य दांडा) या दोन्हींच्या खुणा जुळलेल्या असतात, टेन्शनर (बेल्टला ताण देणारी पुली) घट्ट झालेला असतो. नंतर नियमाप्रमाणे क्रँक हाताने दोन फेऱ्या फिरवून पाहिला, की कॅमला योग्य जागी जखडणारी पिन भोकात जायला तयार होत नाही. खूण एका दाताने, कधी त्याहूनही कमी, पुढे किंवा मागे दिसते. बेल्ट उतरवून पुन्हा चढवला तरी तेच घडते आणि शेवटी कंटाळून ‘एवढा फरक चालतो’ असे म्हणत कव्हर लावले जाते. पुढे गाडी धूर टाकते, लोड घेत नाही किंवा मीटरवर इंजिनाचा दिवा लागतो. हा फरक चालत नाही. तो पुन्हापुन्हा का येतो, याची कारणे थोडीच आहेत आणि ती ठरावीक क्रमाने तपासली तर सापडतात.

येथे उदाहरण घेतले आहे ते रेनॉच्या ‘के९के’ या डिझेल इंजिनाचे, म्हणजे ज्याला आपण १.५ डीसीआय म्हणून ओळखतो त्याचे. महिंद्रा आणि रेनॉ यांच्या भागीदारीतून २००७ साली बाजारात आलेली आणि नाशिकच्या कारखान्यात तयार झालेली लोगन, तिचेच पुढचे रूप असलेली व्हेरिटो, २०१२ साली भारतात आलेली डस्टर आणि तिच्याच सांगाड्यावरची निसान टेरानो या सर्वांच्या डिझेल आवृत्त्यांत हेच इंजिन आहे. १४६१ सीसी, चार सिलिंडर, आठ वॉल्व्ह आणि डोक्यावर एकच कॅमशाफ्ट अशी त्याची रचना आहे. एकच दातेरी बेल्ट कॅम, डिझेलचा हाय प्रेशर पंप आणि वॉटर पंप हे तिन्ही फिरवतो. कॅमखाली थेट टॅपेट (वॉल्व्ह दाबणारी वाटी) असल्यामुळे मध्ये रॉकरसारखा आधी मोडून बाकीचे वाचवणारा भाग नाही. टायमिंग पुरेसे चुकले तर पिस्टन वॉल्व्हला भिडतो, वॉल्व्ह वाकतो आणि हेड खाली उतरवण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

एका दाताची किंमत किती, हे आधी आकड्यात पाहणे बरे. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी होते, म्हणून कॅमच्या चाकाला क्रँकच्या चाकापेक्षा दुप्पट दात असतात. समजा क्रँकला २० आणि कॅमला ४० दात आहेत. बेल्ट कॅमवर एक दात चुकला तर कॅम ९ अंशांनी चुकतो आणि क्रँकच्या हिशेबाने ती चूक १८ अंशांची होते. डिझेल इंजिनात टीडीसीपाशी, म्हणजे पिस्टन सर्वांत वर असताना, पिस्टनचा माथा आणि वॉल्व्ह यांच्यामध्ये जागा अगदी थोडी असते. त्या ठिकाणी १८ अंशांचा फरक हा केवळ पिकअप कमी होण्यापुरता मर्यादित राहील, याची खात्री कोणताही जाणता मिस्त्री देणार नाही.

खूण खरोखर सरकली आहे का?

बेल्ट पुन्हा उतरवण्यापूर्वी आपण नेमके काय पाहून ‘सरकली’ असे म्हणत आहोत, ते तपासावे. नव्या बेल्टच्या पाठीवर रेघा छापलेल्या असतात आणि बेल्ट चढवताना त्या चाकांवरच्या खुणांशी जुळवायच्या असतात. त्यांचे काम तेवढेच असते. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅम बरोबर मूळ जागी येतो, पण बेल्ट मात्र आपल्या पूर्ण लांबीच्या काही भागाइतकाच पुढे गेलेला असतो. त्यामुळे दोन फेऱ्यांनंतर बेल्टवरच्या रेघा चाकांवरच्या खुणांपाशी दिसणार नाहीत आणि दिसायलाही नकोत. हे लक्षात न आल्यामुळे बरोबर बसलेला बेल्ट घाबरून उतरवणारे लोक कमी नाहीत. फेऱ्या फिरवल्यानंतर पाहायचे ते फक्त चाकांच्या जागा आणि पिना; बेल्टवरच्या रेघांकडे तेव्हा ढुंकूनही पाहू नये.

दुसरी फसवी खूण म्हणजे व्हाइटनरची. जुना बेल्ट उतरवण्यापूर्वी बेल्ट, चाके आणि इंजिनाच्या अंगावर पांढऱ्या रेघा मारायच्या आणि नव्या बेल्टवर त्या उतरवून घ्यायच्या, ही पद्धत गॅरेजमध्ये सर्रास चालते. जुना बेल्ट आधीच एका दाताने चुकीचा बसलेला असेल, तर ती चूक आपण इमानदारीने नव्या बेल्टवर उतरवून घेतो. शिवाय रेघ दोन-तीन मिलिमीटर जाड आणि पाहणाऱ्याचा डोळा तिरका. यात अर्धा दात सहज हरवतो. व्हाइटनर सोबतीला असू द्यावा, पण निर्णय पिनांवरूनच घ्यावा.

क्रँकची पिन : बहुतेक वेळा अडचण येथेच असते

या इंजिनात कॅम आणि क्रँक यांच्या पिना वेगवेगळ्या तत्त्वांवर काम करतात आणि ते न समजल्यामुळेच ही समस्या पुन्हापुन्हा उद्भवते, असे माझे स्पष्ट मत आहे. कॅमची पिन चाकातल्या भोकातून आरपार जाऊन हेडमधल्या भोकात बसते, त्यामुळे कॅम दोन्ही बाजूंनी जखडला जातो. क्रँकची पिन मात्र तशी नाही. इंजिन ब्लॉकच्या फ्लायव्हीलकडील टोकाजवळचे बूच काढून ती आट्यांवर आत फिरवायची असते आणि क्रँकच्या पाळीला (शाफ्टवरच्या जाड पाखाला) ती आतून फक्त अडवते. क्रँक घड्याळाच्या दिशेने फिरवत आणला, की पाळी पिनेला येऊन टेकते आणि तीच टीडीसीची जागा. उलट दिशेने मात्र त्याला कोणीही अडवत नाही.

यातून दोन चुका संभवतात. पहिली अशी, की क्रँक टीडीसीच्या पुढे गेलेला असतानाच पिन आत फिरवली जाते. ती पूर्ण आत जाते, म्हणून मनाचे समाधान होते, पण पाळी तिला टेकलेली नसते. योग्य क्रम उलटा आहे. कॅमच्या चाकातले भोक हेडमधल्या भोकाच्या अलीकडे असतानाच थांबावे, क्रँकची पिन पूर्ण आत फिरवावी आणि मग क्रँक हलक्या हाताने घड्याळाच्या दिशेने आणत पिनेला टेकवावा. टेकल्याचा ठोका पान्यातून हाताला स्पष्ट जाणवतो. त्या वेळी क्रँकच्या टोकावरची चावीची खाच वरच्या बाजूला, सील कव्हरवरच्या दोन कंगोऱ्यांच्या मधोमध असली पाहिजे. पिन टेकली आहे असे वाटते पण खाच मध्ये नाही, तर पिन चुकीच्या ठिकाणी अडली आहे किंवा पूर्ण आत गेलेली नाही. अशा वेळी बेल्टला हात लावण्यात अर्थ नाही.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे आणि ‘खुणा जुळल्या होत्या, तरी सरकल्या’ ही तक्रार बहुधा तिच्यातूनच येते. सुरुवातीला क्रँक पिनेला नीट टेकवलेला असतो. बेल्ट चढवताना, विशेषतः तो घट्ट बसत असेल आणि अंगठ्याने दाबून दात बसवावे लागत असतील तेव्हा, क्रँक नकळत काही अंश मागे फिरतो. उलट दिशेने त्याला अडवणारे काही नसल्यामुळे हे कळतही नाही. क्रँक असा मागे गेलेला असतानाच बेल्टचे दात सोयीच्या खाचेत बसतात. टेन्शनर घट्ट होतो आणि दोन फेऱ्यांनंतर क्रँक पिनेपाशी आणला की कॅमची पिन भोकाच्या कडेला अडते. उपाय साधा आहे. बेल्ट सर्व चाकांवर बसल्यावर आणि टेन्शनरला हात लावण्यापूर्वी क्रँकच्या बोल्टवर पाना ठेवून, घड्याळाच्या दिशेने हलका दाब देत, पाळी अजूनही पिनेला टेकलेली आहे याची खात्री करावी. मदतीला दुसरा माणूस असेल तर त्याने टेन्शनर घट्ट होईपर्यंत तो दाब सोडू नये. तोच पाना नेटाने ओढणे मात्र चुकीचे, कारण पिनेवर जोर दिला तर ती वाकते, आणि वाकलेली पिन पुढच्या प्रत्येक कामात खोटी जागा दाखवते.

कॅमच्या पिनेऐवजी ड्रिल बिट घालण्याची प्रथाही आहे. बिट भोकात सैल बसत असेल तर कॅम त्या सैलपणाइतका इकडेतिकडे हलतो. पिन बसल्यावर कॅमचे चाक हाताने दोन्ही बाजूंना हलवून पाहावे. जाणवण्याजोगी हालचाल असेल तर तो बिट बाजूला ठेवावा. बाजारात या इंजिनासाठी दोन्ही पिनांचे संच मिळतात आणि एका वाकलेल्या वॉल्व्हच्या खर्चापुढे त्यांची किंमत नगण्य आहे.

ढील कोणत्या बाजूला गेली?

क्रँक बेल्टला ज्या बाजूने खाली ओढून घेतो ती ताणाची बाजू आणि टेन्शनर असलेली ती ढिलाईची बाजू. या इंजिनात क्रँक, हाय प्रेशर पंप आणि कॅम यांना जोडणारा बेल्टचा भाग टेन्शनरच्या विरुद्ध बाजूला येतो. बेल्ट चढवताना हा भाग तंग राहिला पाहिजे आणि उरलेली सर्व ढील टेन्शनरकडे जमा झाली पाहिजे. ताणाच्या बाजूला थोडी जरी ढील राहिली, तर टेन्शनर घट्ट करताना किंवा पहिल्या फेरीत ती निघून जाते आणि निघताना कॅम व क्रँक यांच्यातले अंतर बदलते. खुणा आधी डोळ्यांना जुळलेल्या दिसतात त्या यामुळेच. म्हणून बेल्ट क्रँकपासून सुरू करून आधी पंपावर, मग कॅमवर चढवावा, प्रत्येक टप्प्यावर तो तंग आहे हे बोटाने दाबून पाहावे आणि टेन्शनर व वॉटर पंपाची बाजू सर्वांत शेवटी घ्यावी.

पंपाच्या चाकालाही खूण असते. कॉमन रेल पद्धतीत (या इंजिनात तीच आहे) डिझेल केव्हा सोडायचे हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो, त्यामुळे पंपाची खूण चुकल्याने इंजेक्शनची वेळ जुन्या रोटरी पंपासारखी बिघडत नाही. तरीही रेनॉच्या कार्यपद्धतीत कॅमच्या आणि पंपाच्या खुणांमध्ये बेल्टचे १९ दात असावेत, असे सांगितलेले आहे. मोजणी नेमकी कोठून सुरू करायची, हे आपल्या इंजिनाच्या आकृतीत पाहून घ्यावे, कारण खुणेवरचा दात धरायचा की सोडायचा यावरून नेहमी वाद होतो. या मोजणीचा मला दिसणारा खरा फायदा वेगळाच आहे. दात मोजून बरोबर आले, म्हणजे ताणाच्या बाजूचा वरचा भाग बरोबर बसला. त्यानंतरही गडबड असेल, तर ती पंप आणि क्रँक यांच्यामध्ये शोधावी लागते, आणि शोधण्याचे क्षेत्र निम्म्यावर येते.

टेन्शनरकडे वळू. त्याच्या पाठीमागचा खुंटा हेडवरच्या खाचेत बसलेला असावा लागतो. तो खाचेबाहेर राहिला तर टेन्शनर तिरपा बसतो, दर्शक काटा योग्य जागी दाखवतो आणि इंजिन फिरताच सगळे बदलते. इंजिन थंड असतानाच ताण द्यावा. ॲलन कीने टेन्शनर फिरवून काटा सांगितलेल्या जागी आणायचा, बोल्ट घट्ट करायचा, मग पिना काढून दोन फेऱ्या फिरवायच्या, आणि पुन्हा टीडीसीवर येऊन काट्याची जागा तपासून गरज असल्यास सुधारायची, असा क्रम आहे. दोन फेऱ्यांनंतर काटा थोडा हलणे हे नैसर्गिक आहे, कारण बेल्ट दातांत मुरतो. म्हणूनच दुसऱ्यांदा बसवणे हा कामाचाच भाग आहे. कॅमची पिन मात्र ताण येईपर्यंत काढू नये. त्या स्थितीत काही वॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमला ढकलत असतात आणि बेल्ट ढिला असताना पिन निघाली तर कॅम झटक्यात एखादा दात ओलांडतो.

कॅम असा निसटलाच, तर त्याला तडक जागेवर फिरवू नये. त्या क्षणी दोन पिस्टन सर्वांत वर असतात. क्रँक आधी उलट दिशेने सुमारे ९० अंश मागे घ्यावा, म्हणजे चारही पिस्टन सिलिंडरच्या मध्यावर येतात आणि वॉल्व्हना मोकळी जागा मिळते. मग कॅम फिरवून पिन घालावी आणि क्रँक पुन्हा आपल्या पिनेला टेकवावा.

दोन फेऱ्या कशा फिरवायच्या

क्रँक नेहमी घड्याळाच्या दिशेने आणि हातानेच फिरवावा. तपासणीसाठी स्टार्टर मारणे हा जुगार आहे. फिरवण्यापूर्वी दोन्ही पिना काढल्याची खात्री करावी. डिझेल इंजिनाचे कॉम्प्रेशन जास्त असल्याने पाना जड जातो आणि तेथे अडकले की काय अशी शंका येते. फरक असा ओळखावा, की कॉम्प्रेशनचा अडथळा लवचीक असतो. पान्यावर स्थिर दाब ठेवला की काही सेकंदांत हवा हळूहळू निसटते आणि क्रँक पुढे सरकतो. पिस्टन वॉल्व्हला भिडला असेल तर अडथळा दगडासारखा असतो, दाब कितीही वेळ धरला तरी पाना जागचा हलत नाही. तेथे ताबडतोब थांबावे. हात हलका व्हावा म्हणून ग्लो प्लग (थंड सिलिंडर तापवणारे प्लग) काढण्याचा सल्ला काही जण देतात. जुन्या गाडीत ते काजळीने अडकलेले असतात आणि काढताना मोडतात, म्हणून मी तरी तो सल्ला देणार नाही.

एवढे करूनही दर वेळी तीच खूण चुकत असेल तर चाकांकडे पाहावे. क्रँकच्या दातेरी चाकाची चावीची खाच झिजलेली किंवा चेपलेली आहे का, चाकाच्या दातांत माती किंवा जुन्या बेल्टचे रबर अडकले आहे का, आणलेला बेल्ट याच इंजिन क्रमांकासाठीचा आहे का, हे तपासावे. के९केच्या अनेक पिढ्या आहेत. वरवर सारखे दिसणारे संच दातांच्या संख्येत किंवा रुंदीत वेगळे असू शकतात. त्यामुळे जुना आणि नवा बेल्ट शेजारी ठेवून दात मोजणे हा वेळेचा अपव्यय नव्हे.

क्रँक पुलीचा बोल्ट हा वेगळा विषय वाटतो, पण नाही. हा बोल्ट पुलीबरोबरच आतले दातेरी चाकही दाबून धरतो. तो कमी घट्ट झाला किंवा दाबाच्या पृष्ठभागांवर तेल राहिले, तर चाक क्रँकवर हलते आणि नीट बसवलेले टायमिंग गाडी चालताना बिघडते. महिन्या-दोन महिन्यांनी परत येणाऱ्या गाड्यांत हे कारण अवश्य पाहावे. बोल्ट दर वेळी नवा घालावा, क्रँकचे टोक आणि चाकाचे पृष्ठभाग तेलविरहित करावेत. एम १२ बोल्टला ६० न्यूटन मीटर आणि वर १०० अंश, तर एम १४ बोल्टला १२० न्यूटन मीटर आणि वर ९५ अंश असा कस द्यावा लागतो, म्हणजे आधी तेवढ्या जोराने आवळून मग बोल्ट तेवढे अंश आणखी फिरवायचा. दोन्ही व्यासांचे बोल्ट या इंजिनात आढळतात, म्हणून आधी व्यास मोजावा. बोल्ट सोडताना किंवा आवळताना क्रँक रोखण्यासाठी टायमिंगची पिन कधीही वापरू नये. फ्लायव्हील अडवण्याचे साधन वापरावे.

तेल किंवा कूलंट लागलेला बेल्ट कितीही नवा असला तरी टाकून द्यावा. गळती वॉटर पंपाची असेल तर तो याच कामात बदलावा, कारण त्यासाठी पुन्हा एवढेच सगळे उघडावे लागते. इंजिन चालल्यानंतर उतरवलेला बेल्ट परत चढवू नये.

टायमिंग बरोबर, तरी दिवा लागतो

पिना दोन्ही वेळा सुरळीत बसल्या, तरी स्कॅनरवर पी ००१६ हा कोड येऊ शकतो. क्रँक आणि कॅम यांच्या सेन्सरचे संकेत एकमेकांशी जुळत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ आहे. बेल्ट चुकला असे तो ठामपणे सांगत नाही. वरचे टायमिंग कव्हर काढताना कॅमचा सेन्सर सोडावा लागतो. तो परत नीट बसला नाही, त्याच्या टोकाला घाण लागली किंवा जोडणीची क्लिप अर्धवट राहिली, तरी हाच कोड किंवा गाडी सुरूच न होणे असा त्रास होतो. म्हणून कोड दिसताच बेल्ट उघडण्याऐवजी आधी सेन्सर आणि त्याची जोडणी पाहावी, कोड पुसून गाडी सुरू करावी आणि तो परत आला तरच पिना घालून टायमिंग तपासावे. गाडी आधी चुकीच्या टायमिंगवर चालवली गेली असेल आणि बेल्ट बरोबर केल्यावरही एखादा सिलिंडर मिसफायर होत, म्हणजे नीट पेटत नसेल, तर चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे. एकाचे बाकीच्यांपेक्षा खूप कमी आले, तर तेथे वॉल्व्ह वाकलेला असण्याची शक्यता आहे आणि टायमिंगवर आणखी वेळ घालवून उपयोग नाही.

कव्हर लावण्यापूर्वी क्रँकची पिन ब्लॉकमधून काढल्याचे पुन्हा पाहावे, तिच्या जागचे बूच आट्यांना सीलंट लावून बसवावे आणि इंजिन माउंटचे बोल्ट घट्ट झाल्यावरच कामाच्या वेळी इंजिनाला आधार म्हणून ऑइल संपखाली (तळाच्या तेलाच्या टाकीखाली) लावलेला जॅक आणि त्यावरचा लाकडी ठोकळा काढावा. पहिल्यांदा सुरू केल्यावर इंजिन काही मिनिटे आयडलवर ठेवून बेल्टच्या बाजूने शिट्टीसारखा किंवा घासल्याचा आवाज येतो का, ते ऐकावे. शिट्टीचा आवाज असेल तर ताण जास्त झाला आहे; इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे आणि टेन्शनरचा काटा पुन्हा पाहावा.